दऱ्या आणि दर्या

रात्री नऊला क्लायंटचा लॅपटॉप मिटतो आणि माझा जुना लॅपटॉप उघडतो. सध्याचं काम: माझ्या दहा वर्षांच्या ट्रेक-डायऱ्यांत शोध घेणारं छोटंसं टूल. गेल्या आठवड्यात 'दऱ्या' शोधलं, तर हरिश्चंद्रगडाची अख्खी नोंद गायब! फाइल उघडली, शब्द समोर दिसतोय.

कारण सापडायला दोन रात्री गेल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'दऱ्या'तला हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया, लावूनही ते एक होत नाहीत. आणि तो जोडक सरसकट पुसून टाकला तर दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे डोंगरावरून थेट समुद्रात! काही जुन्या नोंदींत तर मी चक्क 'पायऱ्या'ऐवजी 'पाय-या' असं लिहून ठेवलंय. आता मी जोडकवालं रूप आधी ऱ्‌ मध्ये बदलतो, मगच शोधतो.

हे जमतंय तोवर ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःहून अपडेट घेतलं. सकाळी पाहतो तर मराठी टाइप करायचा माझा इनस्क्रिप्ट कीबोर्ड यादीतूनच गेलेला, रात्रभर चालवलेलं इंडेक्सिंग (शोधासाठी शब्दांची सूची बनवणं) अर्धवट. मला याचा मनापासून राग येतो. शिफ्ट धरून इंग्रजी 'J' दाबलं की ऱ, हे बोटांत बसलंय. मला न विचारता ते काढायचा हक्क कोणालाही नाही.

कीबोर्ड परत घातलाय. आज रात्री 'पाय-या'.