व्हिएतनामचा व्हिसा, माझं मधलं नाव आणि सायगाव

हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगावला, दोघांनीच जायचं मनात असेल तर खुशाल जा. मुंबईहून थेट विमान आहे, खर्च आवाक्यातला आहे आणि घड्याळ फक्त दीड तास पुढे करावं लागतं. तिकीट आणि हॉटेल एका संध्याकाळी चहा पिता पिता ठरलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते व्हिसाबद्दल, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर, अनेक प्रवेशांची ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा देतात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची कामं एका एजंटकडे होतात, म्हणून आमचंही त्याच्याकडे गेलं. त्याने माणशी जवळजवळ दुप्पट घेतले. घेऊ देत, आपली कटकट वाचते, असं नवऱ्याचं म्हणणं.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पीडीएफ आल्या. नवऱ्याची बरोबर. माझ्या व्हिसावर माझं नाव, मग थेट आडनाव. मधलं नाव गायब. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव सलग छापलंय, विमानाच्या तिकिटावरही तसंच आहे. मी एजंटला लगेच फोन लावला.

"मॅडम, चालून जातं. रोज माणसं पाठवतो आपण."

"पासपोर्टवर आहे तसंच नाव लागतं ना?"

"हो, लागतं तसं. पण चालून जातं."

नवऱ्याचं नाव व्हिसातून उडालं होतं, पण नवरा शांत. चिडले होते मी. "अगं, तो रोज हेच करतो," हे त्याचं पालुपद. विमान कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं, तर "ते काउंटरवरच ठरेल" असं उत्तर. म्हणजे मध्यरात्री बॅगा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मग कळणार की मी चाललेय की नवरा एकटाच चाललाय!

एजंट मग "बघतो" म्हणाला. त्याच्या बघण्यात बरेच दिवस वाया गेले. अर्जाचं पुढे काय झालं ते सरकारी साइटवर आपलं आपल्याला पाहता येतं, पण त्यासाठी नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि अर्जात दिलेला ईमेल लागतो. ईमेल त्याने स्वतःचा टाकलेला. क्रमांक मागितला की "ऑफिसला गेलो की देतो." आता एवढं लक्षात ठेवा: एजंटकडे गेलात तरी ईमेल तुमचाच टाकायला लावा आणि अर्ज भरल्या दिवशीच तो क्रमांक मागून घ्या. अर्ज पाठवण्याआधी भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉटही मागा. तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे आपले आहेत.

शेवटी कळलं ते असं: मंजूर झालेल्या व्हिसात खाडाखोड होत नाही, नव्याने अर्ज, नव्याने फी. ती फीसुद्धा आम्हीच भरायची, कारण "साइटवर नावाचा प्रॉब्लेम येतो, आमच्या हातात नसतं." त्या रात्री मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. नवरा पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर वाचत होता, मी टाइप करत होते. साइटवर नावाचा कसलाही प्रॉब्लेम आला नाही. आडनाव एका रकान्यात, बाकीची दोन्ही नावं दुसऱ्या रकान्यात, मधे एक मोकळी जागा. झालं. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना तळाच्या, बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी पूर्ण दिसायला हव्यात. स्वतःचा फोटो चष्म्याशिवाय लागतो, माझा तसा एकही नव्हता. नवऱ्याने बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्ससमोर उभं करून काढला, सांधे दिसायला लागले म्हणून मग मागे चादर धरली.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. पैसे भरले की परत बंद करून टाका.

आणि आता खरी गंमत. तो एप्रिलचा शेवट होता. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिलला मोठी सुट्टी असते. १९७५ मध्ये याच दिवशी सायगाव उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं आणि व्हिएतनाम युद्ध संपलं. दुसऱ्या दिवशी १ मे, तिथला कामगार दिन. त्याला लागून शनिवार-रविवार. इकडे आपला महाराष्ट्र दिन, तिकडे त्यांची ही सुट्टी, आणि मधे मी दर तासाला साइट उघडून 'प्रक्रियेत' हा एकच शब्द वाचतेय. त्यांच्या टेट म्हणजे नववर्षाच्या दिवसांत किंवा २ सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनाच्या आसपास जाणार असाल, तर अर्ज महिनाभर आधीच उरकून घ्या. विमान सुटायला जेमतेम एक दिवस उरला असताना मंजुरी आली. नवरा म्हणाला, "बघ, आलाच ना." त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि नावावरून अक्षर अक्षर पेन फिरवलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बॅगेच्या चेनशी खेळत होता. प्रिंट घेऊन जाच, मोबाइलवर दाखवत बसू नका.

शहराबद्दल काय सांगू, पहिला दिवस रस्ता ओलांडण्यातच गेला. स्कूटर्सचा लोंढा थांबतच नाही. युक्ती एवढीच की आपणही थांबायचं नाही: हळू, एकाच चालीने पुढे जात राहायचं, ते बाजूने वळसा घेतात. मधेच बिचकून मागे फिरलात की सगळा हिशोब चुकतो. पुण्यात गाडी चालवणारा माझा नवरा पहिल्या दिवशी भर रस्त्यात बिचकला, हे मला फार आवडलं.

स्वातंत्र्य राजवाडा चुकवू नका. १९७५ च्या त्या ३० एप्रिलला ज्याच्या फाटकातून रणगाडे घुसले तो हाच. तसलेच दोन रणगाडे आवारात उभे आहेत, तळघरात भिंतभर नकाशे आणि जुने वायरलेस संच. युद्ध अवशेष संग्रहालय त्याच दिवशी करू नका. एजंट ऑरेंजचं, म्हणजे युद्धात अमेरिकेने फवारलेल्या विषारी रसायनाचं, दालन पाहून झाल्यावर जेवण जात नाही. मुख्य पोस्ट ऑफिस फ्रेंचांच्या काळातलं, आत अजून टपालाचं काम चालतं.

बेन थान बाजारात भाव निम्म्यावरून सुरू करा. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर मारिअम्मन देवीचं देऊळ आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं. आत बहुतेक भक्त व्हिएतनामीच होते. एक बाई उदबत्ती लावून मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकून बराच वेळ पुटपुटत उभ्या होत्या.

डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पहिली मेट्रो सुरू झाली. बेन थानपासून १४ स्टेशनं, साधारण २० किलोमीटर. गारेगार आणि स्वस्त, दुपारच्या उन्हात तिथेच जाऊन बसा. बाकी फिरायला ग्रॅब, म्हणजे अ‍ॅपवरून बोलवायची टॅक्सी. शाकाहारी असाल तर 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) अशी पाटी शोधा, नाहीतर नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतो. कॉफी मात्र गोड, घट्ट, बर्फ घातलेली. मी दिवसाला किती प्यायले ते विचारू नका.

नोटांचं सांगायचं राहिलं. २०,००० आणि ५,००,००० डोंग, दोन्ही निळ्या. घाईत टॅक्सीवाल्याला भलतीच दिली तर पंचवीसपट जातात. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि उरलेले डोंग तिथेच बदलून टाका. निघताना विमानतळावर वेळ हाताशी ठेवा, इमिग्रेशनची रांग येतानाही लांब होती आणि जातानाही.

एजंटने सर्व्हिस चार्ज अजून परत दिलेला नाही.