बरणीतली चिठ्ठी, पायाची चिठ्ठी: लंडन आणि ट्रिंगचे संग्रह

साउथ केन्सिंग्टन स्टेशनच्या भुयारी वाटेनं बाहेर पडलं, की थोड्याच अंतरावर नॅचरल हिस्टरी म्युझियमची 1881 साली उघडलेली टेराकोटाची इमारत दिसते. आत छताला निळ्या देवमाशाचा 25.2 मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. गर्दी तिथेच थांबते, आणि थांबण्यासारखाच तो आहे. पण या संग्रहालयाकडे सुमारे 8 कोटी नमुने आहेत आणि दालनांत मांडलेले त्यातले मूठभर. संशोधन चालतं ते मागच्या बाजूला. संग्रहालयाच्याच डार्विन सेंटरमधल्या स्पिरिट संग्रहात, म्हणजे अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेल्या प्राण्यांच्या संग्रहात, मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि एका फेरीत माणसं थोडीच घेतात, त्यामुळे आधी हे आरक्षण करावं आणि मग बाकीचा बेत आखावा.

आत शिरताच गारवा जाणवतो. हा गारवा मुद्दाम राखलेला असतो. शुद्ध इथेनॉलची, म्हणजे बरण्यांतल्या अल्कोहोलची, वाफ 13 अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेऊ शकते, 70 टक्क्यांच्या मिश्रणाची 17 अंशांच्या आसपास. हजारो बरण्यांच्या खोलीत तापमान त्याच्या खाली ठेवणं ही सुरक्षेची पहिली पायरी. शेवटच्या खोलीत मोठ्या टाक्या आहेत. फॉकलंड बेटांजवळ 2004 साली सापडलेला 8.62 मीटरचा महाकाय माखला (स्क्विड) तिथेच आहे. भिंतीलगतच्या कपाटात डार्विननं बीगल जहाजावरून आणलेले नमुने आहेत. बरण्या लहानच, पण कपाटापुढून पाय निघत नाही.

नमुना थेट अल्कोहोलमध्ये बुडवून टिकत नाही. ऊती आधी पक्क्या कराव्या लागतात. त्यासाठी 10 टक्के फॉर्मालिन वापरतात, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 4 टक्के फॉर्मल्डिहाइड. ते आत हळूहळू झिरपतं. मासा किंवा सरडा मोठा असेल तर पोटात सुईनं फॉर्मालिन सोडावं लागतं किंवा चीर द्यावी लागते. हे राहिलं तर वरून नमुना ठणठणीत दिसतो आणि आतली आतडी कुजून जातात. मग पाण्यात धुवायचं आणि टप्प्याटप्प्यानं 30, 50, 70 टक्के अल्कोहोलमध्ये न्यायचं. एकदम 70 टक्क्यांत टाकलेला मऊ प्राणी आक्रसतो. फॉर्मालिन डीएनएचे धागे प्रथिनांशी जखडून टाकतं, म्हणून जनुकीय अभ्यासासाठीचा मांसाचा तुकडा त्याआधीच काढून 95 टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये किंवा अतिशीत कपाटात ठेवतात.

बरण्यांची देखभाल कधी संपत नाही. घासून बसवलेल्या काचेच्या झाकणाला पेट्रोलियम जेली लावली तरी वाफ निसटतेच, आणि पाण्यापेक्षा अल्कोहोल आधी उडतं. बरणीतली पातळी थोडी उतरलेली दिसते, पण उरलेल्या द्रावाची तीव्रताही घसरलेली असते. तिथे नुसती 70 टक्क्यांची भर घातली तर बरणी भरते, तीव्रता मात्र 70 वर येत नाही. दर वेळी असंच केलं तर ती उतरतच जाते आणि नमुना मऊ पडू लागतो. म्हणून आधी घनतामापकानं मोजायचं आणि मग किती तीव्र अल्कोहोल घालायचं ते ठरवायचं.

आता चिठ्ठी. ती बरणीच्या आत, नमुन्यासोबत असते. बाहेर डकवलेला कागद गळतो. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. लेझर प्रिंटरनं छापलेली अक्षरं काही वर्षांनी कागदापासून सुटतात आणि बरणीच्या तळाशी काळा चुरा साचतो. सुती लगद्याचा कागद आणि पक्की कार्बनची शाई, नाहीतर साधी पेन्सिल, हेच टिकतं. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नोंदवहीतला क्रमांक गेला, की उरतो फक्त एक मेलेला मासा.

चिठ्ठीचं मोल पाहायचं तर लंडनबाहेरच्या ट्रिंग गावी जावं, तिथे याच संग्रहालयाचा पक्षीसंग्रह आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून गाडी मिळते, मात्र ट्रिंग स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर दूर आहे. प्राणी-पक्ष्यांचा धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड याचं जुनं संग्रहालय सर्वांसाठी खुलं आहे. शेजारचा पक्षीसंग्रह मात्र संशोधकांनाच, आणि तोही आधी वेळ ठरवून पाहता येतो.

इथे पक्षी फांदीवर बसवलेले नसतात. अभ्यासासाठीची कातडी कापूस भरून, डोळ्यांच्या जागीही कापूसच ठेवून, पाय जुळवून खणात उताणी ठेवतात आणि चिठ्ठी पायांना दोऱ्यानं बांधतात. उचलताना पूर्ण तळहात पाठीखाली घालायचा. पाय किंवा चिठ्ठी धरून उचललं तर पाय निखळतो. हातमोजे हवेतच, कारण जुन्या कातड्यांना कसर लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळलेला असतो. संग्रहात येणारी नवी वस्तू आधी पिशवीत हवाबंद करून उणे 30 अंशांवर तीन दिवस गोठवतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पिसांवर दव धरतं आणि बुरशी येते.

आपल्याकडचा रानपिंगळा याच खणांमुळे पुन्हा सापडला. 1873 साली पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूमनं त्याचं वर्णन केलं. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. अपवाद एकच: ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहेगनच्या संग्रहातली कातडी, चिठ्ठीवर 1914 आणि तापीकाठचं मांडवी, गुजरात. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही कातडी बारकाईनं तपासली. ती उसवून पुन्हा भरलेली होती. नवा कापूस आणि नवी शिवण असूनही कातडं सोलण्याची जुनी ढब लपली नव्हती, आणि ती ढब 1880 च्या दशकात खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसनची होती. म्हणजे कातडी चोरलेली आणि चिठ्ठी बनावट. मांडवी वगळून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधल्या, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी गावाचं नाव नीट लिहून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

खणातल्या अंड्यांनीही असंच काम केलं आहे. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 साली ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्याच्या जुन्या-नव्या अंड्यांच्या कवचांचं वजन घेतलं आणि त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकारानं भागलं. 1947 च्या सुमारापासून हा आकडा एकाएकी घसरलेला दिसला, म्हणजे कवच पातळ झालं होतं. कवच पातळ करणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकाचा वापर तेव्हा नुकताच सुरू झाला होता. अंड्यांवर तारखा नसत्या तर घसरण कधीपासूनची, हे कळलंच नसतं.

जून 2009 मध्ये ट्रिंगमधून 299 कातडी चोरीला गेली. मासे पकडायच्या गळाला रंगीत पिसं बांधणाऱ्यांचा बाजार हे त्यामागचं कारण. त्यातली 174 अखंड परत मिळाली, पण चिठ्ठी शाबूत होती फक्त 102 जणांची. उरलेल्या 72 पक्ष्यांची पिसं जागच्या जागी आहेत. ते कुठल्या डोंगरावरचे आणि कुठल्या साली मिळालेले, हे सांगणारा कागद पायाला नाही.