जुन्या झेनला ॲल्युमिनियमची पेडलं: मिलिमीटरचा हिशेब

मंडळी, माझ्या जुन्या मारुती झेनचं काम पुढं सरकलंय. कार्बोरेटर आणि सायलेन्सर उरकल्यावर पुढचा नंबर पेडलांचा होता. क्लचच्या रबरावरची नक्षी डाव्या बाजूनं साफ गेली होती, आणि ओल्या बुटानं ब्रेक दाबला की पाय कडेला सरकायचा. नुसती नवी रबरं टाकली असती तरी भागलं असतं. पण हौसेला मोल नसतं, आणि मला टाच-पंज्याचं ब्रेकिंग, म्हणजे उजव्या पायानं ब्रेक धरूनच त्याच बुटाच्या कडेनं रेस द्यायची, या गाडीत नीट जमवायचंय. कंपनीच्या मापात ते होतं, पण घोटा मुरगळून.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ९९३ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, केबलवरचा ॲक्सिलरेटर, केबलवरचाच क्लच, पुढं डिस्क, मागं ड्रम. तिन्ही पेडलं वरून लोंबणारी. ॲक्सिलरेटर म्हणजे एक वाकवलेला लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला छोटंसं पॅड, बस्स. सेन्सर नाही, वायर नाही. म्हणूनच असले उद्योग या गाडीत बिनधास्त करता येतात.

सेट घेताना दोन प्रकार समोर येतात. एक क्लिपवाला: प्लेटच्या मागं आकडे असतात, ते जुन्या रबराच्या कडेला अडकवायचे आणि एलन कीनं आवळायचे. ड्रिल नाही, खटपट नाही, दहा मिनिटांत काम. पण रबर दबतं. आज आवळलेली क्लिप महिनाभरात सैल पडते, आणि जोरात ब्रेक मारताना प्लेट अर्धा सेंटिमीटर जरी फिरली तरी पायाचा भरवसा जातो. ब्रेकवर मी क्लिप कधीच लावणार नाही, मग सेट कितीही महागाचा असो. दुसरा प्रकार आरपार बोल्टचा. रबर काढायचं, खालच्या लोखंडी पॅडला भोकं पाडायची, प्लेट थेट त्यावर कसायची. मी हाच घेतला. प्लेट ४ एमएम जाडीची, वर रबराचे गोल ठिपके २ एमएम उठलेले. नुसत्या भोकांच्या जाळीची प्लेट दिसायला जास्त रेसिंगवाली वाटते, पण ती मुद्दाम टाळली. कारण पुढं येईल.

आता खरी गोष्ट. पेडलं बदलली की बहुतेक जण चकाकी बघतात आणि गाडी बाहेर काढतात. बदलतं ते भलतंच. माझं जुनं रबर ९ एमएम जाड होतं. ते काढून ६ एमएमची प्लेट (ठिपक्यांसकट) लावली तर ब्रेक ३ एमएम खाली गेला. ॲक्सिलरेटरचं मूळ पॅड मात्र काढायचं नसतं, त्यावरच ब्रॅकेट आणि प्लेट बसते, म्हणजे तो ८ एमएम वर आला. दोन्ही मिळून ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या उंचीतला फरक ११ एमएमनं कमी. नुसतं डोळ्यानं हे कळत नाही.

म्हणून भोकं पाडायच्या आधी सगळ्या प्लेटा डबल टेपनं तात्पुरत्या चिकटवल्या आणि गाडी जागेवर उभी ठेवून मापं घेतली. ब्रेकच्या प्लेटवर आडवी स्टीलपट्टी धरायची आणि पट्टीपासून ॲक्सिलरेटरच्या पृष्ठभागापर्यंत व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) खाली सोडायचा. मूळ रबरावर हा फरक ३२ एमएम होता. नव्या प्लेटांवर २१. मग इंजिन चालू करून, कारण ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला इंजिनचा व्हॅक्युम मिळाल्याशिवाय पेडल खरं किती खाली जातं ते समजत नाही, कचकन ब्रेक दाबला. पेडल साधारण २५ एमएम खाली गेलं. वजाबाकी करा: आधी जोराच्या ब्रेकिंगमध्येही ब्रेक ७ एमएम वर राहायचा, आता तो ॲक्सिलरेटरच्या ४ एमएम खाली जाणार. म्हणजे जीव खाऊन ब्रेक दाबलाय आणि त्याच बुटाची कड रेसवर टेकलीय. ज्या क्षणी गाडी थांबायला पाहिजे त्याच क्षणी इंजिन ढकलायलंय.

यावर एक उपाय ठरलेला सुचवला जातो: ब्रेकचा पुशरॉड, म्हणजे पेडलाचा जोर पुढं ढकलणारा दांडा, लांब करा, पेडल वर येईल. होतं तसं, लॉकनट ढिला करून दोन आटे फिरवले की पेडल वर. पण कृपा करून हे करू नका. पुशरॉड जरासा जास्त लांब झाला तर मास्टर सिलिंडरमधला (ब्रेक ऑइलवर दाब देणारा) पिस्टन पूर्ण मागं येत नाही, ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि लाइनमधला दाब सुटत नाही. पहिले काही किलोमीटर काहीच जाणवत नाही. मग ऑइल तापून फुगतं, पॅड डिस्कला घासत राहतात, गाडी जड वाटायला लागते, आणि चाकाजवळ हात नेला की चटका बसतो. शिवाय ब्रेक लाइटचा स्विच पेडलाच्या दांड्यावर टेकलेला असतो, त्याचंही गणित हुकतं. पेडलाच्या मागचं काहीही हलवायचं नाही, जे काय करायचं ते प्लेटच्या खाली. हा माझा नियम.

प्लेटच्या खाली म्हणजे स्पेसर. ब्रेकला आणि क्लचला ५ एमएमचा. क्लचला गरज नव्हती, पण ब्रेक-क्लच एका उंचीला नसले की डाव्या पायाला सारखं टोचत राहतं. तुकडे कापायला चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या चाचांकडं गेलो. ॲल्युमिनियमची पट्टी हातात घेऊन ते म्हणाले, "सहाची पट्टी पडलेली हाय बघा माझ्याकडं, फुकट देतो. पाचंच कशाला पाहिजे?"

"पेडलाखाली घालायलोय चाचा. पाचच पाहिजे."

"एका एमएमनं काय आभाळ पडायलंय का?"

"पायाला कळतं."

चाचांनी माझ्याकडं, मग बाहेर उभ्या झेनकडं बघितलं, आणि सहाचीच पट्टी मशीनवर बांधून पाचची करून दिली. पैसे चहापुरते घेतले. स्पेसर लोखंडाचा का नाही, असं कुणी विचारेल. लोखंड जवळपास तिप्पट जड पडतं, आणि पेडलाच्या टोकावर वजन वाढलं की परत यायचं काम स्प्रिंगवर येतं. ॲल्युमिनियमचे तुकडे हातात घेतल्यावर वजन जाणवतसुद्धा नाही.

ॲक्सिलरेटरवरचं ब्रॅकेट काढून टाकलं आणि प्लेट थेट पॅडवर बोल्टनं घेतली, तिथं २ एमएम वाचले. आता हिशेब असा: ब्रेक मूळपेक्षा २ एमएम वर, ॲक्सिलरेटर ६ एमएम वर, फरक २८. जोरात दाबल्यावर ब्रेक अजूनही ३ एमएम वर राहतो. मला हेच पाहिजे होतं. रेस द्यायची तर पायाची उजवी कड मुद्दाम कलवावी लागते, आपोआप लागत नाही.

आडवं अंतरही तपासा. नवी प्लेट रुंद असल्यामुळं ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या कडांमधली जागा ६० वरून ४५ एमएमवर आली. स्पोर्ट शूजमध्ये हे मस्त वाटतं. पण वाळूजला शिफ्टला जाताना माझ्या पायात सेफ्टी शूज असतात, आणि त्यांचा पुढचा भाग म्हशीच्या खुरासारखा पसरट. मोजला तर ११० एमएम भरला. ब्रेकच्या मधोमध पाय ठेवला तर बूट प्लेटच्या कडेबाहेर २५ एमएम येतो, पुढं २० शिल्लक राहतात. चालेल. पण ज्यांना रुंद प्लेट आणखी डावीकडं सरकवायचा मोह होतोय त्यांनी आधी आपला सगळ्यात बोजड बूट घालून बघावा.

भोकं पाडायचं काम तसं सरळ. पंच मारून खूण, आधी ३ एमएमचं बारीक पायलट भोक, मग ५.५ चं, एम ५ बोल्टसाठी. मागं जिथं दांडा वेल्ड केलाय तिथून लांब राहायचं, दांड्याला तर ड्रिल लावायचंच नाही. कानस मारून भोकांच्या कडेच्या धारदार बऱ्या काढल्या, उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड लावला. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं तरी चुरा गालिच्यात गेलाच, तो जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकानं उचलला. बोल्ट समोरून काउंटरसंक (डोकं प्लेटमध्ये बुडणारे), मागून वायसर आणि नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट. नायलॉक एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, त्याची पकड गेलेली असते. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, म्हणून मधे रंगाचा थर असू द्या. बोल्टची मागची शेपूट किती बाहेर आलीय तेही हात घालून बघा. माझ्या ब्रेकच्या एका बोल्टचं टोक गालिच्याला लागायच्या बेतात होतं, ते कापून घेतलं.

आता केबल. ॲक्सिलरेटरची प्लेट मूळ पॅडपेक्षा लांब असते, त्यामुळं तिची खालची कड जमिनीला टेकून पेडल आधीच थांबू शकतं. मग कार्बोरेटर पूर्ण उघडत नाही आणि आपण म्हणतो, गाडीचा पिकअप गेला. इंजिन बंद ठेवून पुतण्याला आत बसवलं, बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि म्हटलं, "दाब तळापर्यंत." थ्रॉटलचा, म्हणजे कार्बोरेटर उघडणारा लिव्हर स्टॉपरला टेकायला केसभर कमी पडत होता. प्लेट ६ एमएम वर सरकवल्यावर टकदिशी टेकला. सोडल्यावर तेवढ्याच झटक्यात परतही आला पाहिजे, आणि केबलला किंचित ढिलाई राहिली पाहिजे. ढिलाई शून्य झाली तर आयडलिंग वाढतं. क्लचच्या फ्री प्लेला (पेडलाच्या सुरुवातीच्या मोकळ्या चालीला) हात लावायची गरज नाही, दांडा तोच असल्यामुळं तो बदलत नाही.

आणि मॅट. बाजारात मिळणारी जाड, गुबगुबीत मॅट लांब प्लेटखाली सहज अडकते. २००९ मध्ये टोयोटानं अमेरिकेत ३८ लाखांच्या आसपास गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला तो याच भीतीनं, मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकतो म्हणून. तिथं तर पेडल कंपनीचंच होतं. मी ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून पातळ रबरी पट्टा टाकलाय, हुकनं पक्का.

रस्त्यावर: आधी कॉलनीत वीसच्या स्पीडनं ब्रेक, मग जालना रोडच्या सिग्नलांवर, आणि पहाटे चौक्याचा घाट. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ब्रेक तसाच धरून पायाची कड कलवली, आरपीएम चढला, क्लच सोडला, झटका नाही. कन्नडच्या घाटातही नेणार होतो, पण उसाचा सीझन. ट्रॉल्यांच्या मागं पहिल्यात रांगत जायला ॲल्युमिनियमची पेडलं कशाला लागतात? दौलताबादकडं गेलो, तर किल्ल्याजवळच्या त्या अरुंद दरवाजातून समोरची बस आधी सोडावीच लागते. ब्रेक तिथंच भरपूर तपासून झाला.

आपल्याकडच्या हवेबद्दल दोन गोष्टी, ज्या सेटच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत प्लेट इतकी तापते की अनवाणी किंवा पातळ चपलेनं पाय ठेवायची सोय नाही. वडील अनवाणी गाडी चालवणाऱ्यातले, त्यांनी पहिल्याच दुपारी मला काय ऐकवायचं ते ऐकवलं. आता त्यांच्यासाठी समोरच्या काचेला सनशेड आणि प्लेटांवर ओलं फडकं.

दुसरी गोष्ट काळी माती. गंगापूरकडं शेतात गेलो होतो, जरा पाऊस झाला की बुटाच्या तळव्याला दोन इंच थर. जाळीवाल्या प्लेटच्या भोकांत ही माती भरली की ती लोण्यासारखी गुळगुळीत होते, आणि वाळली की खिळ्यानं उकरावी लागते. मित्राच्या गाडीत हे बघूनच मी ठिपक्यांची प्लेट निवडली. ठिपक्यांच्या मधे माती अडकली तरी रबराची टोकं वर राहतात. गाडीत बसायच्या आधी बूट दाराच्या उंबऱ्यावर आपटायचे, हे कुठल्याही पेडलाला लागू. पावसाळा संपल्यावर सगळे नट पान्यानं पुन्हा तपासले. ब्रेकचे जागच्या जागी, ॲक्सिलरेटरचा एक नट पाव आटा फिरला होता. तिथं प्लास्टिकच्या पॅडवर नट बसलाय, मोठं वायसर टाकून पुन्हा घेतला.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरच्या, त्यांनी यातलं ड्रिलिंग करू नये. ते पेडल बहुतेक वेळा अख्खं प्लास्टिकचं असतं, सेन्सर त्याच्याच पोटात, आणि तडा गेला तर सगळं युनिट बदलावं लागतं. त्या मॉडेलसाठीच बनवलेलं, जुन्या रबराच्या जागी चपखल बसणारं कव्हर मिळत असेल तर घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं. मापं मात्र त्यांनीही घ्यावीत.

राहिलं डेड पेडल, म्हणजे डावा पाय टेकवायची जागा. झेनला ते मुळात नाही, डावा पाय लांबच्या रस्त्यावर क्लचखाली वाकडा पडून राहतो. चाकाच्या फुगवट्यावर बसेल असा पुठ्ठ्याचा साचा कापून बघितलाय, क्लचच्या प्लेटपासून ३५ एमएम जागा सुटते, सेफ्टी शूजला थोडी कमीच. चाचांना ३ एमएमचा चेकर्ड ॲल्युमिनियम पत्रा सांगून ठेवलाय. कुणी झेनमध्ये ब्रॅकेट वेल्डिंग न करता बसवलं असेल तर बोल्ट कुठं घेतले ते कळवा, वेल्डिंगसाठी गालिचा आणि त्याखालचं वायरिंग उपसायची माझी तयारी नाही.