तुम्ही विचारलंत म्हणून: वर्ग उघडले तरी मला ऑनलाइनच का हवंय

"आता वर्ग सुरू झालेत ना, मग अजून ऑनलाइनचा हट्ट कशाला?" मैत्रिणी विचारतात, घरचे विचारतात, सर विचारतात, आणि मी दर वेळी "सवय झालीये" म्हणून विषय बदलते. सवय वगैरे काही नाही. मी बोलताना अडकते हे तुम्हा सगळ्यांना माहितीये, तरी त्याचा याच्याशी संबंध कुणी लावत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

2020 मध्ये मलाच ऑनलाइन नको होतं. वर्ग उघडा म्हणून दिलेल्या अर्जावर माझीही सही आहे. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे तेव्हा जगभरात 150 कोटींहून जास्त मुलं वर्गाबाहेर पडली होती, आणि घाईघाईत जे उभं राहिलं त्याला अभ्यासकांनी तेव्हाच 'इमर्जन्सी रिमोट टीचिंग' असं वेगळं नाव दिलं होतं. तुम्ही मात्र त्या घाईलाच ऑनलाइन शिक्षण समजता आणि त्याचा जाब मला विचारता.

आता तोंडी परीक्षेचं सांगते, कारण ते कुणालाच सांगितलेलं नाही. गूगल मीटवर दोन परीक्षक आणि मी. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, 'प्र'ने सुरू होणारं, आणि मी तिथेच अडकले. माझं अडकणं म्हणजे प-प-प असं नसतं, आवाजच निघत नाही, ओठ मिटलेले, मान ताठ, नजर एका जागी. समोरून आलं, "हॅलो? फ्रीझ झाली वाटतं." दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "नेटवर्क असेल, थांबू या जरा." मला सगळं ऐकू येत होतं. स्क्रीनवर माझा चौकोन मलाही दिसत होता आणि तो खरंच हँग झाल्यासारखा दिसत होता. मग मी कॉल कट केला आणि मेसेज टाकला, सॉरी सर, नेटवर्क गेलं. त्यांनी परत जोडून घेतलं, बाकीची उत्तरं दिली, पास झाले. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि रात्री झोप लागली नाही. चॅटमध्ये एक ओळ टाकायची होती, मी अडखळते, थोडा वेळ द्या. हात कीबोर्डवरच होते. नाही टाकली.

मग तरीही ऑनलाइनच हवंय? हो, कारण त्याच चॅटमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गाला प्रश्न विचारले. सर मोठ्याने वाचायचे, उत्तर द्यायचे, पुढे शिकवायला लागायचे. कुणी वळून माझ्याकडे बघितलं नाही. वर्ग उघडले, चॅट गेलं, आणि आता माझे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर राहतात.

"हे पळणं आहे" असं म्हणतात काही जण. असेलही. ऑनलाइनच्या काळात मी फोनवर बोलायचंही टाळायला लागले होते, ते खरंय. आणि वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण माझं वाक्य संपेपर्यंत शांत थांबते, मध्ये शब्द भरत नाही, तसं स्क्रीनवर कधी कुणी थांबलं नाही. पण मग सगळा वर्ग तसा थांबेल का? तिथे मी अजूनही तुमच्याशी भांडते.

सेमिस्टर संपली की सर्व्हेचा फॉर्म येतो, पुढेही ऑनलाइन शिकायला तयार आहात का, 1 ते 5. मी शिक्षणशास्त्रच शिकते, त्यामुळे माहितीये की अशा फॉर्ममागे बरेचदा फ्रेड डेव्हिस या अभ्यासकाचं 1989चं मॉडेल असतं, लोक नवीन तंत्रज्ञान का स्वीकारतात याचं: वापरायला सोपं वाटतं का, उपयोगी वाटतं का. ते मांडलं गेलं ऑफिसातली माणसं नवीन कंप्युटर प्रोग्राम वापरतील का हे समजून घ्यायला. मला दोन्ही वाटतं, सोपं आणि उपयोगी, पण त्या तोंडी परीक्षेचं काय करायचं ते त्या पाच आकड्यांत कुठेच बसत नाही. एका वर्षी 5 दिले, पुढच्या वर्षी 2.

पुढच्या महिन्यात परत तोंडी आहे, या वेळी ऑनलाइन की समोर ते आपण निवडायचंय. फॉर्म दोन दिवस उघडा पडलाय. खाली 'काही सांगायचं असल्यास' म्हणून एक रिकामी जागा आहे, तिथे एक ओळ लिहिलीये. सबमिट अजून केलं नाही.