रिपोर्टमधली जास्तीची ओळ

मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्यांदाच पाठवलेल्या पेशंटचा एमआरआय आम्ही एकाच गोष्टीसाठी बघतो: गाठ, मेंदूची सूज, जुना मार असलं काही आत नाही ना? स्किझोफ्रेनिया आमच्या यंत्रात दिसत नाही. निदान होतं ते समोर बसून, बोलून. नातेवाइकांना हे पटत नाही. एवढे पैसे मोजून ‘नॉर्मल’ म्हणजे फसवणूकच वाटते त्यांना.

जतकडून आलेला तो पोरगा विशीतला. भिंतीपलीकडची माणसं आपल्याला नावं ठेवताहेत, असं त्याला सतत ऐकू यायचं. अशा पेशंटला बोगद्यात घातल्यावर हेडफोनमधून आमचाही आवाज येणार, आणि बोलणारा दिसणार नाही. आमच्या टेक्निशियननं त्याला आधी कन्सोलपाशी नेलं, माइक दाखवला. म्हणाला, “दर वेळी आधी तुझं नाव घेईन. नाव न घेता आलेला आवाज माझा नाही.” मग वडिलांचे खिसे रिकामे केले, करदोट्यातला ताईत काढायला लावला आणि त्यांना पोराच्या पायाशी उभं केलं. पोरगं शेवटपर्यंत हललं नाही. एक मिलिमीटर जाडीच्या कापांत मेंदूची घडीन् घडी स्वच्छ उतरली. मोठमोठ्या सेंटरांत असल्या पेशंटला सरळ भूल देऊन मोकळे होतात.

रिपोर्ट माझ्या तरुण सहकाऱ्यानं केला. वाचन दांडगं, पेशंटशी बोलणं जेमतेम. सगळं नॉर्मल लिहून खाली एक ओळ जोडली: ‘डावी पॅरासिंग्युलेट खाच ठळक दिसत नाही.’

मेंदूचे दोन अर्धगोल जिथे समोरासमोर येतात, त्या आतल्या बाजूला सिंग्युलेट नावाची कमानदार खाच असते. काहींच्यात तिच्या वर आणखी एक समांतर खाच असते, ती ही. कुणाची सलग, कुणाची तुकड्यातुकड्यांत, कुणाला नसतेच. आणि हे धडधाकट माणसांतही. तुकडे जोडून एकच खाच मोजायची की नाही, यावर दोन रेडिओलॉजिस्ट तासभर वाद घालू शकतात. २०१५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांत ही खाच मोजली. खाच एक सेंटिमीटरनं आखूड असेल तर भास होण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. पण तो सगळ्या गटाचा हिशेब. त्यावरून एकट्या पोराबद्दल काय सांगणार? घड्यांवरचे बाकीचे अभ्यासही एका सुरात नाहीत. कुठल्या भागात घड्या कमी भरतात, कुठल्या भागात जास्त. आणि खाच असो-नसो, गोळी तीच.

रिपोर्ट घ्यायला आई आली ती भाच्याला घेऊन. भाचा फार्मसीला. त्यानं फोनवर शोधून तिला सांगून ठेवलं होतं की ही खाच बाळंतपणाच्या आधी, शेवटच्या महिन्यांत पोटातच तयार होते. तेवढं खरंच आहे.

“म्याडम, सातव्यात मी बांधावरनं पडले हुते. त्यानंच झालं का वो?”

१९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी या आजाराचा दोष आईच्या वागण्यावर ठेवला होता. तो धुऊन निघायला कित्येक वर्षं लागली. आमच्या एका ओळीनं तो पुन्हा आईच्या पदरात घातला. मी तिला सांगितलं, पडण्याचा याच्याशी संबंध नाही, अशी खाच नसलेली कितीतरी माणसं संसार करताहेत. तिनं मान डोलावली आणि विचारलं, “थोरली आठव्यात हाय. तिच्या बाळाचं आत्ताच बघता यील का?”

बघता येतं, गर्भाचाही एमआरआय होतो. मी नको म्हटलं. त्या वयात ही खाच दिसली काय, न दिसली काय, पुढचं काहीच सांगता येत नाही.

सहकाऱ्याशी जोरात वाजलं. त्याचं म्हणणं, दिसलं ते लिहायचं, लपवणारे आपण कोण? हे अगदीच चुकीचं म्हणता येत नाही, म्हणून तर माझी चिडचिड जास्त. पण रिपोर्ट म्हणजे शोधनिबंध नव्हे. ज्यानं पेशंटच्या उपचारात काडीचा फरक पडत नाही, ते तिथे का? शेवटी मनोविकारतज्ज्ञांनीही फोन केला, तेव्हा त्यानं सुधारित रिपोर्ट दिला. जुना मात्र भाच्याच्या फोनवरून सगळ्या भावकीत फिरून आलाय, आणि थोरलीच्या सासूनं आता तिची सोनोग्राफी परत करायला लावलीय.