सबमीटरचे तेरा रुपये

मंगळवार, रात्री साडेदहा

रविवारी सोसायटीच्या बैठकीत मी गप्प बसले, ही गोष्ट दोन दिवस झाले तरी मनातून जात नाही. विषय लिफ्टच्या आणि पाण्याच्या मोटारीच्या वाढलेल्या बिलाचा होता. बोलण्याच्या ओघात एक सदस्य म्हणाले की, खालच्या वस्तीतले लोक आकडे टाकतात, दिवसभर टीव्ही आणि पंखे चालू ठेवतात, आणि त्याचा भुर्दंड आपल्यासारख्या वेळेवर बिल भरणाऱ्यांना बसतो. दुसरे म्हणाले, आम्ही पैसे मोजतो, तेव्हा वाटेल तेवढी वीज वापरू. चारपाच जणांनी माना डोलावल्या आणि मी वहीत हिशेब लिहीत राहिले.

आज सकाळी भांडी घासून झाल्यावर मावशी दारात थांबल्या. “पगारातले सहाशे आधी द्याल का ओ ताई? लाइट बिल द्यायचं हाय.” बिल पाहू या म्हटले, तर त्यांनी वहीतून फाडलेला एक कागद पुढे केला. त्यावर घरमालकांच्या अक्षरात ४८ युनिट, दर १३ रुपये, एकूण ६२४ एवढेच लिहिलेले होते. छापील बिल त्यांनी आजवर पाहिलेले नाही, कारण त्यांच्या नावावर मीटरच नाही. मालकांचा एक मीटर आणि त्याच्या खाली चार भाडेकरूंच्या खोल्यांचे चार सबमीटर, अशी तिथली व्यवस्था आहे.

दुपारी मी हा हिशेब नीट मांडून पाहिला. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ३०० च्या पुढे आणखी जास्त. कमी वापरणाऱ्याला वीज परवडावी, हा या रचनेमागचा हेतू आहे आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. परंतु चार खोल्यांची प्रत्येकी पन्नासेक युनिट आणि मालकांच्या घरची पावणेदोनशे एकाच मीटरवर मोजली गेली की एकूण वापर पावणेचारशेच्या घरात जातो, आणि ज्यांच्यापैकी एकही कुटुंब शंभरी ओलांडत नाही अशी चार कुटुंबे मोठ्या ग्राहकाच्या टप्प्यात जाऊन बसतात. मालक वरचा दर पाहून सरसकट तेरा रुपये लावतात. मावशींचा स्वतंत्र मीटर असता, तर स्थिर आकार आणि वीजशुल्क धरूनही त्यांना यापेक्षा कमीच भरावे लागले असते. ज्यांच्यासाठी तो पहिला टप्पा ठेवला आहे, त्यांच्यापर्यंतच तो पोहोचत नाही.

मग मी स्वतःच्या घराकडे वळले. आमचा गीझर दोन हजार वॅटचा आहे, म्हणजे अर्ध्या तासाला एक युनिट. तिघांच्या अंघोळींना रोज दोन युनिट धरली, तरी महिन्याला साठ होतात. एक पंखा, दोन एलईडी दिवे, टीव्ही आणि मिक्सर एवढ्यावर मावशींचे अख्खे घर ज्या ४८ युनिटांत महिना काढते, त्यांहून अधिक वीज आमच्या नुसत्या अंघोळीच्या पाण्याला लागते. एसीचा हिशेब तर मी केलाच नाही.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी परसात तांब्याचा बंब होता. त्यात लाकडे आणि शेणी घालाव्या लागत. एक बंब पाणी तापवायला किती सरपण जाते, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते, कारण डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई दारात टेकून पाणी मागायची. आता बटण दाबले की पाणी तापते आणि त्यामागचे कष्ट दिसत नाहीत. “आम्ही पैसे मोजतो” म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचे होते. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि त्या धरणासाठी पाटण-जावळीच्या खोऱ्यातील गावेच्या गावे उठली. ती किंमत कोणत्याही बिलात लिहिलेली नसते.

बैठकीत अखेर छतावर सौर पॅनेल बसवण्याचे ठरले. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि स्वतःच्या घरावर तीन किलोवॅट बसवणाऱ्याला ७८,००० पर्यंत मिळते. योजना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने हात वर केला. पण तिच्यासाठी आधी स्वतःचे छत हवे आणि अनुदान हाती येईपर्यंत घालायला पैसे हवेत. बचत करण्याची ऐपतही आमच्याकडेच आहे, आणि काटकसरीचा उपदेश मात्र आम्ही वस्तीला करतो.

संध्याकाळी मावशी पुन्हा आल्या, तेव्हा मी त्यांना स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करू या म्हटले. मालकांची संमती लागेल, त्यांच्याशी मी स्वतः बोलते, असेही सांगितले. त्या हातातले फडके पिळता पिळता थांबल्या.

“नको ओ ताई. खोली रिकामी करा म्हणाले तर? पोरीची दहावी हाय औंदा.”

मी पुढे काही बोलले नाही. सहाशे चोवीस रुपये मोजून त्यांच्या हाती दिले. पगारातून ते कापायचे नाहीत, असे वहीत लिहून ठेवले आहे. सोसायटीची पुढची बैठक येत्या रविवारी आहे, आणि तो ४८ युनिटांचा कागद मी मावशींकडून मागून घेतला आहे.