श्वास मोजून देताना

इंग्लंडमधल्या लीड्सच्या आयसीयूतली माझी पहिली रात्रपाळी. नवी पेशंट व्हेंटिलेटरवर आली आणि सिनियर सिस्टरने आधी काढली ती शिंप्याकडे असते तशी टेप. कोपरापासून मनगटापर्यंत हाड मोजलं, तक्त्यात पाहून उंची काढली. 155 सेंटिमीटर.

बाईंचं वजन 90 किलो होतं, पण ते इथे कामाचं नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत, ती उंचीच्या बेतानेच असतात. 155 सेंटिमीटरच्या बाईला सूत्राने 48 किलो धरायचे, किलोमागे 6 मिलिलिटर हवा. म्हणजे एका श्वासाला 288. नुसत्या वजनावर गेलो असतो तर 540! न्यूमोनियाने सुजलेल्या फुप्फुसाचा थोडाच भाग उघडा उरलेला असतो. सगळी हवा त्यातच शिरते आणि चांगला भागही ताणून जखमी होतो.

पूर्वी किलोमागे 10 ते 15 मिलिलिटर देत. अमेरिकेत 861 पेशंटवर 12 आणि 6 ची तुलना झाली, निकाल 2000 साली आला. 12 वाल्यांत 39.8 टक्के दगावले, 6 वाल्यांत 31. नवं औषध नाही, नुसती हवा कमी केली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

एवढ्यानेही ऑक्सिजन सुधारला नाही तर पेशंटला पालथं झोपवतो, किमान 16 तास. डोक्याशी नळी धरून डॉक्टर, दोन्ही बाजूंना आम्ही. दोन चादरींमध्ये पेशंट ठेवून कडा घट्ट मुरडायच्या. इथले लोक त्याला कॉर्निश पेस्टी म्हणतात, सारण भरून कडा मुरडलेला त्यांचा पदार्थ. मला मात्र दर वेळी करंजीच दिसते.

गेल्या महिन्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. काका व्हेंटिलेटरवर होते. आवाज कापत होता. "अगं, मशीनवर साडेतीनशेच्या आसपासच आकडा दिसतो. एवढा मोठा माणूस, हवा कमी तर देत नाहीत ना? डॉक्टरांना वाढवायला सांगू का?"

"मावशी, काकांची उंची किती गं?"

"पाच फूट चार इंच. का?"

कागदावर गणित मांडलं. 59 किलो, गुणिले 6. 354.

"काही सांगू नकोस त्यांना," मी म्हटलं. "तिथेही कुणीतरी काकांची उंची मोजलीय."